इझातीची हरवलेली सर्व्हिस

प्रिय लिमाह,

अस्सलामू आलेकुम. तुझी लेक अझ्लीन सांगत होती, की हल्ली फोन वाजला की तू तो उचलून पालथा घालतेस. घाल बापडी. हे पत्र पालथं घातलंस तरी उपयोग नाही, मी कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहितेय. शिवाय फोनवर मी जरा रंगात आले की तू "बरं सफियाह, ठेवते, चुलीवर काहीतरी आहे" म्हणून सटकतेस, आणि चुलीवर काही नसतं हे मला आपल्या शाळेपासून ठाऊक आहे. माझ्या भाच्याच्या लग्नाच्या जेवणालाही तू आली नाहीस. अर्धं बाचोक गाव लोटलं होतं. गोकर्णीच्या फुलांचा निळा भात होता, तळलेली मासळी होती, तुला आवडतं तसं आंबवलेल्या मासळीचं झणझणीत बुदू होतं, आणि सगळ्या बायका मलाच विचारत होत्या, लिमाह कुठे? मी सांगितलं, तिला ताप आहे. भर मांडवात मला खोटं बोलायला लावलंस. पण ते भांडण नंतर. आधी माझी बातमी, कारण ही गोष्ट तुझ्याशिवाय कोणाला सांगून कळायची नाही आणि सांगितल्यावाचून मला घास गिळवत नाही.

शाळेतल्या माझ्या संघात, आपल्याच त्या पायाने चेंडू जाळीपलीकडे मारायच्या खेळाच्या, इझाती नावाची मुलगी आहे. पासिर पुतेहकडची, पंधरा वर्षांची, चार माणसांत तोंडातून शब्द निघत नाही पण पायाने भलतीच वाचाळ. या महिन्याच्या अखेरीला राज्याच्या क्रीडा वसतिगृहासाठी निवड आहे. तिथे जागा मिळाली तर पोरगी खेळेल आणि शिकेलही. नाही मिळाली तर बाप तिला शाळेतून काढून आत्याकडे मासळी वाळवायच्या कामाला लावणार आहे. हे त्याने मला घरी बोलावून, केळ्याची भजी खाऊ घालून, अगदी गोडीत सांगितलं. माणूस वाईट नाही, पण बोलला तसं करणारा आहे. आणि नेमकी आत्ता, निवड तोंडावर असताना, या मुलीची सर्व्हिस हरवली आहे. दुखापत नाही, आजार नाही. काल होती आणि आज नाही, असं झालंय.

तिला चेंडू फेकून देणारी हुस्ना आहे. ती जाळीजवळ उभी राहून हाताने चेंडू फेकते. इझाती मागे गोलात एक पाय रोवून उभी राहते, हात पुढे काढून "इथे दे" असं दाखवते, आणि चेंडू आला की दुसरा पाय खांद्याच्या उंचीला नेऊन जाळीपलीकडे हाणते. म्हणजे तू फेकायचीस आणि मी हाणायचे तेच. फक्त आपल्या वेळी चेंडू वेताचा होता आणि नडगीवर बसला की विणीची नक्षी उमटायची. या हुस्नाचा हात तुझ्यासारखा आहे, लिमाह. इझाती जिथे हात दाखवेल तिथे चेंडू येतो म्हणजे येतोच. त्यामुळे दोष हुस्नाचा नाही हे उघड होतं. मग राहिला इझातीचा पाय, आणि मी त्या पायाच्या हात धुऊन मागे लागले. कंबर आधी फिरव. घोटा ताठ ठेव. टेकलेल्या पायाचा गुडघा जरा सैल सोड. खांदा पाडू नकोस. नजर चेंडूवर. प्रत्येक सूचनेला पोरगी मान डोलवून आपल्या मास्तरणीला म्हणायची, "बोलेह, चिकगू." आणि चेंडू जाळीत.

आपल्याकडच्या या "बोलेह"चं काय करायचं सांग. जमेल, चालेल, होईल, हरकत नाही, सगळं त्या एका शब्दात. मास्तरांनी विचारलं, कळलं का, तर बोलेह. सासूने विचारलं, दुखतंय का, तर बोलेह. समोरच्या माणसाने आता गप्प बसावं म्हणून आपण जितक्यांदा तो शब्द वापरतो, तितक्यांदा खरोखर जमतंय म्हणून वापरत असू का? मला तर शंका आहे. इझातीचं बोलेह ऐकून मी रोज समाधानाने घरी यायचे आणि दुसऱ्या दिवशी तिची सर्व्हिस आणखी बिघडलेली असायची.

तेव्हा मला आपल्याला खेळ शिकवणारे पाक सू आठवले. त्यांनी आपल्या पायाबद्दल कधी काही सांगितलं होतं? मी खूप आठवून पाहिलं. एक वाक्य आठवत नाही. ते बोटाने शेळ्यांच्या गोठ्याचा पत्रा दाखवायचे आणि म्हणायचे, "तो वाजव." बस्स. आपण पत्रा वाजवायचो, शेळ्या बोंबलायच्या, त्यांची बायको आतून ओरडायची, "या कार्ट्यांनी दूध आटवलं माझ्या शेळ्यांचं!" आणि पाक सू न ऐकल्यासारखं करून दुसरा पत्रा दाखवायचे, लांबचा. एकदा मी विचारलं होतं, पाक सू, माझा पाय नक्की कसा फिरतो? तर म्हणाले, "सांगितलं की तू त्याच्याकडे बघायला लागशील. पाय तुझा आहे, त्याच्यात मला कशाला घुसवतेस?" आपण किती हसलो होतो. पण पाक सूंना डोक्यावर घ्यायचं कारण नाही. ज्या मुलींना तसं बघता बघता जमलं त्या राहिल्या, ज्यांना नाही जमलं त्यांना त्यांनी घरी धाडलं. त्या का अडल्या, याची त्यांना कधी उत्सुकताच वाटली नाही. मला ती आहे. शिकवण्याच्या कामात मला खरी गोडी तिथेच वाटते, जिथे मूल अडतं.

याच सुमारास कोता भारूहून फारिद आला. राज्याच्या क्रीडा खात्यातला पोरगा, शरीर कसं शिकतं यावरच शिक्षण घेतलेला, बरोबर कॅमेरा आणि डोक्यावर उलटी टोपी. मी मनात म्हटलं, झालं, आता हा मला कोन आणि अंश शिकवणार. त्याने तसं काही केलं नाही. दोन दिवस मुकाट्याने बसून राहिला आणि मग इझातीला नारळपाणी देऊन विचारलं, "सर्व्हिस करताना तुझ्या मनात काय असतं गं? चेंडू, जाळी, पाय, काय?" पोरगी पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होती. मग हळूच म्हणाली, "चिकगूंचा आवाज." बाकीच्या मुली फिसकन हसल्या. मीही हसले, दुसरं करते काय. फारिद तेवढा हसला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "चिकगू, रागावू नका. पण शरीराला जे आपोआप येतं, त्याचे तुकडे करून हातात दिले की ते अडखळतं. जिना उतरताना पायाकडे बघून पाहा, पडायला होतं." मी म्हटलं, "अरे बाबा, मग मी इथे कशाला आहे? झाडाला पाणी घालायला?" तर म्हणाला, "तुम्ही जागा बदला, खेळ बदला, चेंडू बदला. उत्तर तिला शोधू द्या. आणि तिने विचारलं तरच बोला."

मी, आणि गप्प! तू असतीस तर पैज लावली असतीस. मी रोज मैदानावर गेले की तोंडात एक खारवलेला आलुबुखार ठेवायचे, म्हणजे बोलायची सोयच नको. जबडा दुखायला लागला. पण हळूहळू दिसायला लागलं, लिमाह. मी बोलत असताना मला तिचा फक्त पाय दिसायचा. गप्प बसल्यावर आख्खी मुलगी दिसली. आम्ही जाळी खाली घेतली, वर घेतली. पलीकडे तांदळाच्या रिकाम्या गोण्या टाकल्या आणि म्हटलं, यातली कुठलीही उडव. जरा फरक पडला. तिचा चेहरा सैल झाला. चारातली एखादी सर्व्हिस पूर्वीसारखी जायची. पण एखादी म्हणजे एखादीच. निवडीला एखाद्या सर्व्हिसवर कोण घेतंय?

मग एक गंमत झाली. मुली विश्रांतीला सुरूच्या झाडांखाली गोल करून नुसताच चेंडू झेलत होत्या, पायाने, गुडघ्याने, हसत-खिदळत. चेंडू कुठूनही कसाही येत होता. आणि एक चेंडू उंच, इझातीच्या कानाच्याही वर आला. तिने बोलणं न थांबवता पाय नेला आणि असा ठोकला की तो सुरूच्या शेंड्यावरून पलीकडे गेला. अगं, हीच सर्व्हिस! आणि मैदानावर उभं केलं, हुस्नाने नेमका चेंडू दिला, की जाळीत. वाईट चेंडू आला तर चांगला मारते आणि चांगला आला तर वाईट. असं कुठे असतं का?

उत्तर मला मैदानावर नाही, शुक्रवारी शाळेच्या फाटकात सापडलं. मुली बाजू कुरुंग, तो लांब सदरा आणि घागरा, घालून आल्या होत्या आणि इझातीचा घागरा घोट्याच्या वर चढलेला होता. मी म्हटलं, "हा ईदच्या सणाचाच ना गं? तेव्हा तर जमिनीवर लोळत होता." ती लाजून म्हणाली, "आई म्हणते, मी बांबूसारखी सुटलेय." लिमाह, पोरगी वीतभर उंच झाली होती आणि रोज बघणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं! पाय लांब झाले, कंबर वर गेली, पण चेंडू मागणारा हात अजून लहानपणीच्या जागीच. मैदानावर उभी राहिली की सवयीने तिथेच "इथे दे" म्हणते, हुस्ना इमानदारीने तिथेच देते, आणि आता त्या पायाला तो चेंडू खाली पडतो. हुस्नाचा हात इतका अचूक, की चूक सापडायला जागाच नाही. जराशी वेंधळी मुलगी फेकायला असती, तर इझातीच्या पायाला नवी जागा केव्हाच कळली असती.

आता मला सांग, हे कळल्यावर कोण गप्प बसेल? मी आलुबुखार थुंकला आणि इझातीला सांगून टाकलं, "हात वीतभर वर धर." "बोलेह, चिकगू." आणि झालं, आता पायाच्या जागी हात आला. ती हाताकडे बघायला लागली, तो बरोबर वर आहे ना, जास्त वर तर नाही ना. पोरीने मला दोनदा विचारलं, "एवढा चालेल?" चेंडू कुठे गेला ते मी लिहीत नाही. फारिदने फक्त आलुबुखाराची पुडी माझ्यासमोर धरली. आगाऊ आहे, पण मला आवडायला लागलाय.

मग ठरवलं, हुस्नाला वाईट फेकायला सांगायचं. ती चक्क रुसली. "वाईट कसं फेकू, चिकगू? हात तसा जातच नाही." बळजबरीने फेकायला लागली तर फेकण्याआधीच तिचा चेहरा सांगायचा की हा उंच येणार. मी फेकून पाहिलं, फारिदने पाहिलं. आमचेही वाईट चेंडू ठरवून वाईट. इझाती आधीच ओळखायची आणि वाट बघत उभी राहायची. एकदाच खरं काहीतरी घडलं. हुस्नाला चेंडू सोडताना शिंक आली. चेंडू हातातून निसटून वाकडातिकडा, उंच गेला आणि इझातीने विचार करायच्या आत तो हाणला. पलीकडच्या कोपऱ्यात गोणीसकट धूळ उडाली. इझाती स्वतःच्या पायाकडे बघत होती, जणू तो दुसऱ्या कोणाचा तरी होता. आणि मग, मी न विचारता, आपणहून म्हणाली, "चिकगू, तो वर होता. मला तिथे आवडला." बोलेह नाही, बरं का. आवडला. मी त्या मुलीच्या तोंडून पहिल्यांदाच काही ऐकलं असं मला वाटलं. तेव्हापासून हुस्नाच्या नाकाला पीस लावून झालं, मिरपूड हुंगवून झाली. शिंक काही मागून येत नाही. निवड तीन आठवड्यांवर आली आहे आणि मला असा हात हवाय, ज्याचा चेंडू कुठे जाईल हे त्या हातालाही ठाऊक नसेल.

आता ते भांडण, लिमाह. लग्नाला तू का आली नाहीस हे मला ठाऊक आहे. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तुझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही आणि बोटं उघडायची तर उशिरा उघडतात. उजव्याने घास उचलत नाही, चारचौघांत डाव्याने खायची तुला लाज वाटते, आणि चमच्याने भरवून घेण्यापेक्षा तू उपाशी राहशील. अझ्लीनने रडत रडत सगळं सांगितलं. ती व्यायाम शिकवणारी मुलगी येते, कोपर उचला, मनगट सरळ, बोटं एकेक करून उघडा म्हणते, तू सगळ्याला "बोलेह" म्हणतेस आणि ती गेली की भिंतीकडे तोंड करून पडतेस. तुझं बोलेह मला ऐकू आलं गं, इथपर्यंत. म्हणून हे पत्र. ये, आणि माझ्या इझातीला चेंडू फेक. दया म्हणून बोलवत नाही. दया करायची असती तर फळांची टोपली घेऊन आले असते आणि तू ती माझ्या अंगावर फेकली असतीस, तीही नेम चुकून अझ्लीनच्या दिशेने. मला तुझा आत्ताचा हात हवाय, पूर्वीचा नको. पूर्वीसारखा माझ्याकडे हुस्नाचा एक आहे आणि त्यानेच पोरीचा घात केलाय. त्या हाताला कोपर-मनगट मोजत पडण्यापेक्षा समोर उभी असलेली एक मुलगी बरी, असं मला वाटतं. पण त्याने तुझा हात परत येईलच असं मी म्हणणार नाही, मला ते माहीत नाही, आणि फारिदलाही नाही. तुझ्याशिवाय मात्र मला करमत नाही, हे पक्कं माहीत आहे. शनिवारी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, शाळेची व्हॅन तुझ्या दारात येईल. मैदानात खुर्ची ठेवलेली असेल, खाली पडलेले चेंडू मुली उचलतील, आणि जेवायला फक्त तू आणि मी असू, माझ्या स्वयंपाकघरात, दार लावून, दोघीही डाव्या हाताने. इझाती हात वर करून चेंडू मागेल. ती मागेल तिथे टाकू नकोस. तुला जाईल तिथे टाक.

तुझीच, अजून एका पायावर उभी,
सफियाह